ओल्या भिंतीवर पुट्टी मारून घर दाखवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पितृपक्ष संपत आला की आम्हा पेंटर लोकांचे फोन वाजू लागतात. ‘मामा, घर विकायला काढलंय. घटस्थापनेपासून गिऱ्हाईकं येणार. चार दिवसांत आतनं पुट्टी मारून चकाचक करून द्या.’ बोलणारा बहुधा पुण्यात नाहीतर बंगळूरला असतो, घर आपल्या बेळगावात शहापूर, वडगाव किंवा खासबागेतल्या एखाद्या गल्लीत आणि चावी शेजारच्या काकूंकडे. अशा कामाला मी हल्ली नाही म्हणतो. का म्हणतो, ते आपल्या पत्रातून घर विकणाऱ्यांच्या कानावर घालावं म्हणून हे लिहितोय.

आपली जुनी घरं मातीची नाहीतर चिऱ्याची. गिलावा चुन्याचा, दोन घरांत भिंत एकच. पायात ओल अडवणारा थर बहुतेक ठिकाणी नसतोच, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत कमरेपर्यंत चढतं. वर चुन्याची सफेती असली की ते हळूहळू उडून जातं. पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की त्याची वाट बंद. मग ओल आणखी वर सरकते, लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुटतो आणि आश्विनात गुळगुळीत दिसलेली भिंत पुढच्या पावसात पोपडे टाकते. तोवर घर दुसऱ्याच्या नावावर झालेलं असतं, हाच तर त्यातला हिशेब!

एका घरात सोप्याची भिंत खरवडायला घेतली. वर पुट्टी, खाली डिस्टेंपर, त्याखाली पुन्हा पुट्टी आणि सगळ्यात आत नीळ घातलेला जुना चुना. पट्टी जरा दाबली तर गिलावा भुसभुशीत होऊन मुठीत आला. ओल खालून नव्हतीच. माळ्यावर चढून पाहिलं तर यांच्या आणि शेजाऱ्यांच्या छपरामधली पत्र्याची पन्हाळ गंजून फुटलेली, पावसाचं सगळं पाणी सरळ भिंतीच्या डोक्यावर. पन्हाळ बदलणं हे पत्रेवाल्याचं एका दिवसाचं काम. मालकांनी दोनदा पुट्टीला पैसे घातले, पण वर कुणाला चढवलं नाही.

‘ओल आहे म्हणून सांगितलं तर गिऱ्हाईक पळतं,’ असं एजंट म्हणतात. मला नाही पटत. आता घेणारे सोबत आपला गवंडी आणतात. तो कपाटामागं बघतो, बोटाच्या पेरानं भिंत वाजवतो आणि घरात एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की आधी तिथंच नख लावतो. एवढं झाल्यावर बाकीचं घर कितीही चांगलं असो, सौदा लाखाच्या तुकड्यांनी खाली येतो. शिवाय एका वकील गिऱ्हाइकानं मला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याचं कलम ५५ वाचून दाखवलं. करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. वडगावातल्या कित्येक घरांत पूर्वी खड्डामाग, म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेले हातमाग होते. तो खड्डा माती टाकून बुजवला आणि वर फरशी घातली असेल, तर तेही सांगायला हवं. कपाट ठेवल्यावर फरशी खचली की भांडण ठरलेलंच.

घर दाखवायला खर्च करायचाच तर तो पावसाआधी कौलं चाळण्यावर आणि परड्यातली मोरी मोकळी करण्यावर करा. बंद घर असेल तर पाहुणे यायच्या आधी आठवडाभर रोज दारं-खिडक्या उघडा, कोंदट वास रंगानं जात नाही. ट्रंका, मोडक्या खाटा, जुन्या गाद्या काढून टाका. गल्लीतल्या घरात मधली खोली नेहमी अंधारी. तिथं छपरात काचेचं कौल असेल तर ते साबणानं धुवा, खोली एकदम उजळते. शहाबादी फरशी नुसती घासा, वर पॉलिश नको. नळाला कितव्या दिवशी पाणी येतं ते सगळेच विचारतात, तिथं थाप मारू नका. शेजारी लगेच खरं सांगतात.

कागदांचं मी काय सांगणार, पण गिऱ्हाईकं अडतात ती तिथंही. ई-खाता, म्हणजे मालमत्तेची सरकारी नोंद, अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि बहिणींच्या सह्यांचा पत्ता नाही. १९५६ आधीची, बेळगाव मुंबई राज्यात असतानाची खरेदीखतं मराठीत, काही तर मोडीत, आणि आताचा उतारा कन्नडात. दोन्हींतली नावं जुळतात का, हे घर दाखवायच्या आधी वकिलाकडून बघून घ्यावं.

यंदा दसऱ्यालाच घर दाखवायचं असेल तर जुना रंग खरवडून चुना मारून घ्या. तो स्वस्तही पडतो. पुट्टी ज्यांना हवीच आहे, त्यांनी भिंती उन्हानं वाळल्यावर, साधारण मार्गशीर्षात बोलवावं. तोवर ओलीचा डाग दिसला तर दिसू द्या, ती कुठनं येते ते सांगा आणि पन्हाळ बदलली असेल तर पत्रेवाल्याची पावतीही दाखवा.

आपला,
एक पेंटर, वडगाव, बेळगाव