आईच्या डोळ्याची भूल

लेस्टर, रविवार

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तू सांगलीहून बडोद्याला पोहोचायच्या आत हे मिळावं म्हणून घाईनं लिहितेय. आई ऑपरेशनला भीत नाही, सुईला भिते. बाबांच्या वेळी इंजेक्शननंतर डोळा काळानिळा झाला होता, दांडिया बाजारात भाजीला जातानाही ते गॉगल लावायचे, हे ती विसरलेली नाही. म्हणून तीन वर्षं तिचा मोतीबिंदू लांबलाय. मी रोज हीच भूल देते आणि आईची भीती मात्र फोनवर घालवता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

बाबांना दिलं ते पेरिबल्बर, म्हणजे डोळ्याभोवतीचं भुलीचं इंजेक्शन. त्यात बधिर करणारी दोन औषधं असतात: लिग्नोकेन लवकर चढतं, बुपिव्हॅकेन सावकाश चढतं पण काही तास टिकतं. म्हणून दोन्ही मिसळतात, औषध पसरावं म्हणून हायलुरोनिडेज घालतात आणि सुईनं डोळ्याच्या खोबणीत सोडतात. डोळा हलायचा थांबतो. मोतीबिंदू फार कडक असेल तर सर्जनला त्याचा मोठा आधार असतो. पण आईचा नंबर उणे बारा. असा डोळा लांबट, त्याचं कवच पातळ; सुई आत घुसायचा धोका वाढतो. त्यात स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी. तिला सुई नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

नुसत्या थेंबांवर होतं का, असं तू विचारलंस. होतं. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला, तिथूनच तर ही भूल सुरू झाली. आता प्रोपॅराकेनचे थेंब वापरतात. दुखतं ते मुख्यतः कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला; भिंगाला नसाच नाहीत. थेंबांचा असर पंधरा-वीस मिनिटांत उतरतो, म्हणून ते पुन्हा घालतात किंवा लिग्नोकेनची जेली लावतात. जेलीआधी जंतुनाशक बीटाडीन डोळ्यात गेलंच पाहिजे, जेलीच्या थराखाली ते नीट पोहोचत नाही. याबाबत मी फार काटेकोर आहे.

मात्र थेंबांत डोळा हलता राहतो. आईला दिव्याचा झगझगाट दिसेल, पाणी आणि दाब जाणवेल. डॉक्टर गुजरातीत 'सामे जुओ', म्हणजे समोर बघा, म्हणाले आणि तिला ऐकूच आलं नाही तर? कानातलं यंत्र ठेवू देतील का, ते आधीच विचारून घे.

डोळा स्थिर ठेवणं तिला जमणार नसेल तर सब-टेनन नावाची भूल. आधी थेंब, मग पांढऱ्या भागावर बारीकसा छेद आणि बोथट नळीनं औषध. टोकदार सुई आत जात नाही. डोळा थोडे दिवस लाल दिसतो, हे आईला आधी सांग, नाहीतर बाबांची आठवण येऊन घाबरेल. इथे मी हेच जास्त देते.

निर्णय तिथल्या डॉक्टरांचा. पण नंबर, गोळी आणि कान, या तिन्ही गोष्टी त्यांना आधी सांगच. गोळी मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

ऑपरेशनच्या वेळची सवय व्हावी म्हणून रोज दुपारी आईला वीस मिनिटं उताणं निजव, तोंडावर पातळ ओढणी टाक आणि शेजारी बसून 'सामे जुओ' म्हणत राहा. झाल्यावर पहिला फोन तिनंच करावा, मी रजा घेतली आहे.

तुझी,
छोटी