शंभरी ओलांडल्यावरची तोंडी परीक्षा

नाशिक

प्रिय मालू,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. अक्षर नातीचं, मजकूर मात्र पुरता तुझा. "डोळ्यांनी दगा दिला, आता वाचनबिचन संपलं" या ओळीपाशी मी अडले. दोन दिवस तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून आज तुला इंगेबोर्ग रापोपोर्टची गोष्ट लिहिते. नातीकडून सावकाश वाचून घे.

ही आपल्याच जातकुळीची, बाळांची डॉक्टर. जन्म 1912 चा, वाढली हॅम्बुर्गला. माहेरचं आडनाव झ्युल्म. तिथल्या विद्यापीठात तिने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, विषय घटसर्पानंतर येणारा लकवा. आठवतं ना, घशातला तो करडा पडदा पाहिला की आपल्या पोटात कसा गोळा यायचा? साल 1938, राज्य नाझींचं. आई ज्यू कुळातली, म्हणून तिला तोंडी परीक्षेलाच बसू दिलं नाही. मार्गदर्शक प्राध्यापक डेग्कवित्झ यांनी लेखी दिलं की प्रबंध स्वीकारण्याजोगा आहे, आड येतो तो फक्त कायदा. पोरीने रात्रीचा दिवस करून केलेली मेहनत, आणि हाती काय, तर हा कागद! मला अजून राग येतो.

त्याच वर्षी ती एकटी अमेरिकेला गेली. तिथे पुन्हा वैद्यकीचं शिक्षण घेतलं, सिनसिनाटीत नोकरी केली, मित्या रापोपोर्ट या व्हिएन्नाच्या डॉक्टरशी लग्न केलं. दोघंही कम्युनिस्ट. सिनेटर मॅकार्थीच्या काळात अमेरिकेत कम्युनिस्टांना हुडकणं चालू होतं; चौकशीचा ससेमिरा लागणार असं दिसताच मुलांसह देश सोडला आणि 1952 मध्ये पूर्व बर्लिन गाठलं. तिथल्या शारिटे रुग्णालयात नवजात बालकांसाठीचं जर्मनीतलं पहिलं प्राध्यापकपद तिला मिळालं. बालमृत्यू कमी करण्याच्या कामाबद्दल सरकारने गौरवही केला.

आता ऐक. इतकं सगळं झालेल्या बाईला त्या जुन्या पदवीची काय गरज होती? पण हॅम्बुर्गच्या अधिष्ठात्यांनी विषय काढला, तेव्हा परीक्षा देऊनच पदवी घ्यायची असं ठरलं. वय 102, आणि नजर इतकी अधू की वाचणं जमेना. मग स्नेह्यांनी घटसर्पावरचं गेल्या सत्त्याहत्तर वर्षांतलं संशोधन शोधायचं आणि फोनवरून तिला सांगायचं. ती ऐकायची आणि ध्यानात ठेवायची. मे 2015 मध्ये तीन परीक्षक तिच्या बर्लिनच्या घरी आले. दिवाणखान्यात पाऊण तास प्रश्नोत्तरं झाली आणि ती उत्तीर्ण झाली! जूनमध्ये हॅम्बुर्गला समारंभ झाला. हे आपण आपल्यासाठी नव्हे, ज्यांच्यावर अन्याय झाला त्या सगळ्यांसाठी केलं, असं तिने सांगितलं. 2017 च्या मार्चमध्ये ती गेली, 104 वर्षांची होऊन.

मालू, मला तिच्या पदवीपेक्षा ते फोन फार मोठे वाटतात. रोज कुणीतरी वाचतंय आणि ही कान देऊन बसलीय. घटसर्पाचं विष मज्जातंतूंवर नेमकं काय करतं, हे तिला त्या वयातही नव्याने समजून घ्यायचं होतं.

तेव्हा बुधवारपासून रात्री साडेआठला मी फोन करत जाईन. तू अर्धवट ठेवलेलं कमी वजनाच्या बाळांवरचं पुस्तक माझ्याकडेच आहे, खूण सातव्या प्रकरणात. तिथूनच वाचायला घेते. मोतीबिंदूचं काय ठरलं तेही तेव्हाच सांग.

तुझीच,
शैला