निळ्या डब्यातली मिरची

म्हापसा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्रीचे दहा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

रोज फोन होतो आणि वर हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर टाकतेस, आई पलीकडे भाजी निवडत बसलेली असते, आणि आज जे सांगायचंय ते इतक्यात तिच्या कानावर जायला नको. समोरच्यांचा मुलगा उद्या रात्रीच्या बसने पुण्याला निघतोय, त्याच्याकडे पिशवी देतोय. पत्र तळाला आहे, उकड्या तांदळांच्या खाली. आईने तांदूळ डब्यात ओतायच्या आत काढून घे.

आधी कबुली देऊन टाकतो. तू विचारतेस, "बाबा, काय जेवलात?" आणि मी सांगतो, "डबा आला होता." डबा पहिले आठ दिवस आला. त्यातली सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी, आणि हुमणात, मासळीच्या कालवणात, चक्क कांदा-लसूण. बांगड्याच्या हुमणात लसूण! नवव्या दिवशी मी डबा बंद केला. तेव्हापासून स्वतः करतोय. पेज, मुगाची उसळ, अंड्याची पोळी, दोनदा करपलेली वांगी. तुळशीचं लग्न एकट्यानेच लावलं, चिंच-आवळ्याच्या फांद्या खोचल्या, ऊस बांधला, आणि त्या रात्री प्रसादाचे पोहे खाऊन झोपलो. आईला यातलं काही माहीत नाही. तुझ्या सासूबाईंचा गुडघा बरा होऊन त्या नातवाला सांभाळू लागेपर्यंत ती तिथून हलणार नाही, तर उगाच काळजी कशाला लावायची?

पण आज मासळी आणली. शुक्रवारचा बाजार, त्यात बांगड्याचे दिवस. मासळीवालीने मला पाहिल्याबरोबर विचारलं, "बाय खंय?" म्हटलं, पुण्याला, लेकीकडे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आजारीच आहे, आणि सहाच्या वाट्यात सातवा बांगडा न मागता टाकला. आईला तिने कधी सातवा दिला असेल असं मला वाटत नाही. आई भाव करते, मला दया मिळते.

तू गेल्या महिन्यात म्हणाली होतीस ना, की तिथे केलेलं हुमण आपल्यासारखं लागत नाही? म्हणून सगळं सांगतो, नीट वाच.

आईने जाताना कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवून ठेवलाय. कालनिर्णयच्या जुन्या पानाची मागची बाजू. वर लिहिलंय, "लागलंच तर." खाली तिचं ते उभट अक्षर: नारळ अर्धा. मिरच्या सात (निळा डबा). धणे लहान चमचा. मिरी चार. हळद. चिंच सुपारीएवढी. तिरफळं दहा, बी काढून. मग अधोरेखित करून, "ढवळू नये. भांडे हलवावे." आणि शेवटी, "तेल वरून. विसरू नये." वीज खात्यात चौतीस वर्षं मी इतक्या नेमक्या सूचना क्वचितच पाहिल्या.

विळीवर, आपल्या आदोळीवर बसलो. गुडघे कुरकुरले, पण बसलो. बांगड्याचे कल्ले काढले, पोट साफ केलं, अंगावर दोन-दोन चिरा दिल्या. मांजर दारात येऊन बसलं, त्याचा वाटा त्याला दिला. मग नारळ खोवला. पांढरं खोबरं संपून तपकिरी लागलं की थांबायचं असतं हे मला आज कळलं, कारण मी थांबलो नाही आणि वाटण जरा काळपट झालं. तिरफळांचं तर तुला माहीतच आहे, आतली काळी बी टाकायची, वरची सालं तेवढी घ्यायची, जराशी ठेचून थोड्या पाण्यात ठेवायची. वाटणात वाटायची नाहीत, कडू होतात. तुझ्या नवऱ्याला सांग, तो मागे आला होता तेव्हा जीभ बधिर झाली म्हणून घाबरला होता. चिनी लोकांची ती सिचुआन मिरी असते ना, तिच्याच कुळातलं आपलं तिरफळ. हॉटेलात पैसे मोजून जीभ बधिर करून घेतो आणि सासुरवाडीत घाबरतो.

मग मिरच्या घ्यायला निळा डबा उघडला.

बाय, डब्यात बुरशी. दिवाळीत पाऊस पडला तेव्हा झाकण नीट लागलं नव्हतं, आणि नंतर ऊन दाखवायचं माझ्या लक्षात आलं नाही. तुझ्या मामाने काणकोणहून पाठवलेल्या खोल्याच्या मिरच्या, डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर होणाऱ्या, त्यांना आता भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. आई त्या डब्याला सोन्यासारखं जपते. पुण्याला निघताना त्यातल्या मूठभर कागदात बांधून घेऊन गेली, त्या वाचल्या. बाकीच्या माझ्या राज्यात गेल्या. या पत्राला तळाला बसवायचं हे पहिलं कारण.

मिरचीशिवाय हुमण कसं करायचं? तसं पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले, त्यांनी मिरची आणली, त्याआधीही इथली माणसं मासळी खातच असणार, मिरी आणि तिरफळांच्या जोरावर. पण मी काही इतका प्राचीन नाही. शोधाशोध करताना वरच्या फळीवर वर्तमानपत्राची एक पुडी सापडली. आत्याने मे महिन्यात पेडण्याहून पाठवली होती, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या वेळी, कोकमाची सोलां आणि सुकी कोळंबी, आपली सुंगटं, यांच्याबरोबर. सुंगटं जून-जुलैच्या मासेमारीबंदीत संपली, सोलां अजून आहेत, पण पुडीला आईने हातही लावला नव्हता. हरमलच्या मिरच्या. त्यांनाही मानांकन आहे बरं का, उगाच कमी समजू नकोस. सातऐवजी सात घातल्या. बाकी सगळं कागदाबरहुकूम.

वाटण गंधासारखं बारीक केलं. मडकं काढायचा धीर झाला नाही, स्टीलच्या टोपातच केलं. मंद आचेवर एक कढ आला, मीठ, बांगडे सोडले, तिरफळं पाण्यासकट. झाकण नाही. चमचा हातात घेतला होता, कागद आठवला, ठेवून दिला. टोप दोन्ही कानांना धरून हलवला. आच वाढवली तर रस फुटतो, म्हणून तिथेच उभा राहिलो. शेवटी खोबरेल तेल, कच्चं, एक चमचा वरून. तोवर शेगडीच्या दुसऱ्या बाजूला उकडा भात पाऊण तास रटरटतच होता.

ताट वाढून घेतलं, भात कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि हात थांबला.

वाईट झालं होतं म्हणून नव्हे. चांगलं झालं होतं. पण ते आपल्या घरचं हुमण नव्हतं. आजीचं होतं.

पेडण्याच्या घरची ती मागची पडवी, आजी चुलीपुढे, मी शाळेतून आलेला. तीच झणझणी, जिभेच्या शेंड्यावर आधी आणि घशात मागाहून. तू आजीचं हुमण खाल्लंयस, पण तुला आठवणार नाही, ती गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तुला "आपलं हुमण" म्हणजे आईचं हुमण, लालभडक, पण सौम्य. इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं. आज घास तोंडात धरून मी विचार करत बसलो, की आपल्या घरातलं हुमण बदललं कधी?

लग्न झाल्यावर पहिली सहा वर्षं आई आजीच्या हाताखाली होती. आजी कडक होती, हे मी तुला वेगळं सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात आईने केलेलं हुमण आजीने चाखलं आणि म्हणाली, "काणकोणांत अशें करतात?" बस, एवढंच. आई उलट एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आजीसारखंच करू लागली, आणि सहा वर्षं तसंच केलं. आजी गेल्यावर कधीतरी निळा डबा घरात आला. एका दिवसात तर बदललं नसणार, मला कळलं असतं. (कळलं असतं का?) बहुतेक सातात दोन खोल्याच्या, मग चार, मग सगळ्या. मी रोज जेवत होतो, ताट चाटूनपुसून उठत होतो, एखाद्या घरचा मीटर चार युनिटांनी जास्त पळाला तर रस्त्यावरून सांगणारा माणूस मी, आणि माझ्याच ताटातली चव बदलली ते मला आज, एकटा जेवताना, समजलं. आईने माझ्यापासून लपवलं असंही नाही. मी कधी विचारलंच नाही.

राग आलेला नाही, गैरसमज नको. उलट आजीसमोर सहा वर्षं गप्प राहून मग एकेक मिरचीने आपली चव घरात आणणारी बाई मला आज नव्याने दिसली. आणि आजीचा घास तीस वर्षांनी अचानक तोंडात आल्यावर माझे डोळे भरून आले, तेही खरं. हरमलच्या मिरचीमुळे, असं आपण म्हणू.

दोन बांगडे आणि वाटीभर रस शेजारच्या आंटीकडे नेऊन दिला. एकट्याला अर्ध्या नारळाचं हुमण संपत नाही, आणि नारळ अर्ध्याहून कमी फोडता येत नाही. ती बिचारी पण एकटीच असते. तिने दारातच बोट बुडवून चाखलं, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हें तुजे बायलेचें न्हय." म्हटलं, माझं आहे. "तुजेंय न्हय," म्हणाली, "हें म्हाताऱ्येचें." बघ! आंटी आजीच्या हातचं जेवलेली. जे माझ्या जिभेला इतकी वर्षं समजलं नाही ते तिने एका बोटात सांगितलं.

आता काम सांगतो. पिशवीत तांदूळ आहेत, सोलां आहेत, तिरफळं आहेत. चतुर्थीच्या सुमारास हिरवी मिळाली ती मीच वाळवली, ती मात्र ठीक वाळली. त्याशिवाय वर्तमानपत्राची एक लहान पुडी आहे, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. त्या हरमलच्या. मोजून सात. त्या आईच्या हाती पडू देऊ नकोस. रविवारी तिथे बांगडा मिळाला तर तू स्वतः हुमण कर, आईला सांग की तू आज बस, मी करते. बर्फातला असेल तर असू दे, डोळे बघून घे. आईचा कागद मी तुझ्यासाठी वर उतरवून दिलाच आहे. ढवळू नकोस, टोप हलव, तेल विसरू नकोस. आणि पांढऱ्या दोऱ्याच्या सात मिरच्या घाल. काही बोलू नकोस. पहिल्या घासाला आई काय करते तेवढं बघ.

ओळखलं नाही तर प्रश्नच नाही. ओळखलं तर ती दोन गोष्टी विचारेल. एक, या मिरच्या कुठून आल्या. दोन, निळ्या डब्याचं काय झालं. दुसऱ्याचं उत्तर मी फोनवर देईन, तू देऊ नकोस. मामाला मी उद्याच फोन करून नव्या मिरच्यांचं बघतो. ती परत येईपर्यंत डबा भरलेला हवा.

शनिवार, सकाळी सात

पाकीट रात्री चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला म्हणून उठलो, दोन पोयां घेतल्या. कालचं हुमण आटवायला ठेवलं, पाणी आटेपर्यंत, टोपाच्या कडेला लाल साय धरेपर्यंत. काल्ची कडी. कालच्यापेक्षा दुप्पट लागलं. टोपातला शेवटचा बांगडा शिळा होऊन मुरलाय, तो आता पोयीबरोबर खातोय, म्हणून या कागदावर डाग पडलाय. आंटीने रात्रीची वाटी सकाळीच परत दिली, दोन गावठी अंडी घालून, आणि विचारलं, "आनी केन्ना करतलो?" पुन्हा कधी करणार, म्हणे.

नातवाला पापा. सासूबाईंना नमस्कार सांग. त्यांनी जिना चढायची घाई करू नये.

तुझा,
बाबा

ता. क. रविवारी फोन कर, पण स्पीकर बंद ठेव.