औषध बंद झाल्याची खबर पेशंटला कोण देणार?

महोदय,

पाटण तालुक्यात माझे औषधांचे दुकान आहे, यंदा ३१ वर्षे झाली. 'माल बंद झाला' हे वाक्य काउंटरवरून किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. हे पत्र लिहायला बसलो ते एका आजींमुळे आणि माझ्याच दुकानात झालेल्या चुकीमुळे.

आजी सत्तरीच्या पुढच्या. कोयनेच्या वरच्या अंगाला डोंगरातली वाडी, तिथून एसटीने येतात. एका डोळ्याने जेमतेम दिसते. तरी नऊ वर्षे स्वतःचे इन्सुलिन स्वतः टोचत होत्या, कारण हातात इन्सुलिनचे पेन होते. पेनचे मागचे बटण फिरवले की एका युनिटला एक 'टिक' वाजते. सकाळी २४ टिक, रात्री १४. "माळ ओढल्यागत मोजते मी," म्हणायच्या. वाचायची गरजच नव्हती.

गेल्या वर्षी त्या पेनात बसणारे कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिन भरलेली कांडी, यायचे कमी झाले. आम्हाला माल पुरवणारा स्टॉकिस्ट आधी म्हणाला 'शॉर्ट आहे', मग 'पुढच्या आठवड्यात बघू', आणि एक दिवस फोनवरच 'कंपनीने बंद केलं, आता विचारू नका'. त्या कंपनीचा एमआर, म्हणजे औषधांची माहिती देत फिरणारा प्रतिनिधी, महिन्याला दुकानात येतो. तो याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. महागड्या नव्या इन्सुलिनची रंगीत पत्रके मात्र ठेवून गेला होता. दुसऱ्या कंपन्यांची तशीच ३०/७० ची (जलद आणि संथ इन्सुलिनच्या मिश्रणाची) कार्ट्रिजे आहेत, पण ती या पेनात चालत नाहीत. त्यासाठी त्यांचे पेन हवे, डॉक्टरांची नवी चिठ्ठी हवी, आणि तालुक्याला तो मालही नेमाने येत नाही. शेवटी डॉक्टरांनी बाटली लिहून दिली. औषध तेच, फक्त बाटलीतले.

घोळ इथेच आहे. पेनातल्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीला १०० युनिट असतात. आपल्याकडची बहुतेक बाटली ४० ची. म्हणून सिरिंजाही दोन जातींच्या: ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, १०० ला नारिंगी टोपणाची. दिव्याच्या उजेडात लाल आणि नारिंगी यांत फरक तो काय! आजींची चिठ्ठी घेऊन नातू आला तेव्हा मी साताऱ्याला गेलो होतो. कामावरच्या पोराने बाटली बरोबर दिली, सिरिंजा नारिंगी टोपणाच्या दिल्या. सुनेने चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे २४ च्या रेघेपर्यंत ओढून टोचले. त्या सिरिंजेत २४ ची रेघ म्हणजे ०.२४ मिली, ४० च्या बाटलीतून तेवढे घेतले तर पोटात जातात साडेनऊ युनिटच्या आसपास. आठवडाभर हेच चालले. आजींना तहान आवरेना, रात्रीत पाच-सहा वेळा उठायच्या. शुगर तपासली तर ४१२.

उलटे झाले असते तर हे पत्र मी लिहूच शकलो नसतो. घरात उरलेल्या कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून औषध ओढून घेणारी माणसे मी पाहिली आहेत. दोनशे-तीनशेचा माल कोण फेकून देईल? तसे लाल टोपणाच्या सिरिंजेने २४ पर्यंत ओढले असते, तर ६० युनिट गेले असते. शुगर जिवावर बेतेल इतकी उतरली असती.

पोराला बोललो, स्वतःलाही बोललो. दुकान माझे, जबाबदारी माझी.

तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाही. सरकार एखाद्या औषधावर बंदी घालते तेव्हा गावभर कळते. १० मार्च २०१६ ला ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली, त्या आठवड्यात माणसे घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन दुकानात आली होती, 'ही चालते का' विचारत. २०११ मध्ये सर्दीच्या गोळ्यांतला एक घटक बंद झाला तेव्हाही तसेच. (त्यातल्या काही गोळ्या पुढे जुन्याच नावाने आल्या, आतला मसाला बदलून. तो निराळा विषय.) पण कंपनी परवडत नाही म्हणून किंवा दुसरा माल खपवायचा म्हणून एखादे औषध गुपचूप मागे घेते, तेव्हा ना बातमी ना फलक. धंदा कसा करायचा हे त्यांचे त्यांनी ठरवावे, माझे म्हणणे तेवढे नाही. नवे इन्सुलिन काही पेशंटांना खरोखर जास्त मानवते, हेही मी पाहतो.

नियम नाही असेही नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात लिहिले आहे की अनुसूचीतले (सरकार ज्यांची कमाल किंमत ठरवते त्या यादीतले) औषध बंद करायचे तर कंपनीने किमान सहा महिने आधी सरकारला कळवायचे आणि जाहीर नोटीस द्यायची. सरकारला वाटले तर आणखी एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगता येते. पण हे बंधन अनुसूचीतल्या औषधांपुरते. त्या यादीत औषध कोणत्या ताकदीचे, कोणत्या रूपातले हेही नोंदलेले असते, म्हणजे बाटली आहे म्हणून पेनही आलेच असे नव्हे. आणि जाहीर नोटीस म्हणजे काय? ३१ वर्षांत माझ्या काउंटरपर्यंत अशी एकही नोटीस आलेली नाही. वाडीवरच्या आजींचे तर सोडाच.

माझी मागणी लहान आहे. कोणतेही कायम घ्यायचे औषध बंद होणार असेल, मग ते यादीत असो वा नसो, तर त्याची नोटीस मराठी वर्तमानपत्रात यावी, आणि स्टॉकिस्टच्या बिलासोबत प्रत्येक दुकानात कागद यावा. त्यावर पर्यायी औषध कोणते हे तर असावेच, पण ते घेताना काय बदलते हेही असावे: ताकद, सिरिंज, रेघ. अन्न व औषध प्रशासनाला हे सांगायला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही.

तोवर मी काउंटरमागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: '४० ची बाटली, लाल टोपण'. आजींना फळा वाचता येत नाही. त्यांच्या बाटलीच्या गळ्याला आणि सिरिंजांच्या पुडक्याला एकाच रंगाचा दोरा बांधून देतो. टोचायला आता सून लागते. मागच्या खेपेला आजींनी पिशवीतून जुने पेन काढून दाखवले आणि विचारले, "याची कांडी आली का?"

— एक औषधविक्रेता, ता. पाटण, जि. सातारा