पेन्सिलीच्या एका रेघेबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. खाजगीत आभार मानले तर तुम्ही ‘सोड रे’ म्हणून विषय बदलता. नाव घेत नाही, तेवढं तुमचं ऐकलं.

एप्रिलमधली पुण्यातली ती दुपार आठवते? संशोधनाचे अर्धेकच्चे मसुदे घेऊन आम्ही नऊ-दहा जण जमलो होतो आणि नियम एवढाच होता की छापायला तयार असलेलं काही आणायचं नाही. माझी तेरा पानं होती. विषय सांगताना मी दरवेळी अडखळायचो, तसाच तेव्हाही अडखळलो: साखर कारखान्याला आपला ऊस ‘आठवतो’ कसा? हजारो शेतकरी, प्रत्येकाची लागण वेगळ्या तारखेची, कुणाची दीडेक वर्षाची आडसाली, कुणाची वर्षभराची सुरू, कुणाचा तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला खोडवा. कुठला फड कधी तोडायचा हे अख्ख्या कारखान्यात नेमकं कुणाच्या डोक्यात असतं?

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कारखान्याच्या शेतकी खात्याच्या उतरंडीत अगदी तळाला चिटबॉय असतो. मोटारसायकलवरून गावं फिरायची, लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र नोंदवायचं, हे त्याचं काम. त्या नोंदींवरून तोडणीचा क्रम लागतो. क्रम चुकला तर कुणाचा ऊस रानातच वाळतो. तुटलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं, साखरही घटते. गाड्या वेळेत आल्या नाहीत तर गव्हाण, म्हणजे ऊस गाळपाला आत नेणारा पट्टा, रिकामी पडते आणि रजिस्टरमध्ये ‘नो केन’ असा शेरा बसतो. कोट्यवधींची यंत्रं चिटबॉयच्या खिशातल्या वहीवर अवलंबून असतात, याचंच मला अप्रूप होतं.

त्या अप्रुपाचं मी काय केलं होतं, तर वॉल्श आणि अंगसन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये संघटनेच्या स्मृतीसाठी पाच कप्पे सांगितले आहेत: माणसं, संस्कृती, कामाच्या रीती, रचना आणि जागा. किराणा दुकानातल्या बरण्यांत डाळी भराव्यात तसा मी कारखाना त्या कप्प्यांत भरला. वही इकडे, वजनकाटा तिकडे. बरण्यांना लेबलं लावली आणि खूश झालो. त्याआधी ज्यांना ज्यांना मसुदा दाखवला होता, त्यांच्यातल्या निम्म्यांनी ‘छान आहे, चालू दे’ म्हटलं होतं आणि उरलेल्यांनी ‘थिअरी कमी पडतेय’. दोन्ही ऐकून हातात काहीच येत नाही.

तुम्ही आधी मला सहावं पान मोठ्यानं वाचायला लावलंत. आपलंच वाक्य मोठ्यानं वाचताना कसं लटपटतं ते तेव्हा कळलं. मग पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारलीत: ‘चिटबॉयची वही ही कारखान्याची स्मृती आहे.’ आणि विचारलंत, ‘ही वही दुसऱ्या कुणाला वाचता येते का?’

मी म्हणालो, हो, मराठीतच आहे की.

तुम्ही हसलात. ‘अक्षर लागतं का असं नाही विचारत मी. आणि दुसरं, तुझ्या तेरा पानांत एकही माणूस काही विसरत नाही. असा कारखाना मी तरी अजून पाहिला नाही.’

खरं सांगतो, राग आला होता. परतीच्या एसटीत मनातल्या मनात तुम्हाला तीन उत्तरं दिली, एकापेक्षा एक बाणेदार. चार दिवसांनी तुमची दीड पानाची टिपणं आली. माझ्या इंग्रजीतल्या चुका तुम्ही तशाच सोडल्या होत्या आणि वर लिहिलं होतं, ‘ही वाक्यं राहणारच नाहीत, मग दुरुस्त कशाला करू?’ तिथं राग संपला.

टिपणांत मानवशास्त्रज्ञ हचिन्स वाचायला सांगितलं होतंत. त्याचं १९९५ चं पुस्तक माझ्या संदर्भसूचीत होतंच, वाचलेलं मात्र नव्हतं (असं करणारा मी एकटा नसावा). अमेरिकी नौदलाच्या जहाजावर बसून त्यानं पाहिलं की जहाज कुठं आहे हे कुण्या एका खलाशाला ठाऊक नसतं. एक जण खुणेची दिशा मोजतो, एक नोंदवतो, एक नकाशावर रेघ ओढतो. ते ज्ञान सगळ्यांच्या मधे असतं. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते होकायंत्र बिघडल्यावरचं वर्णन: हिशेब कुणी कसा करायचा हे त्या मंडळींनी काम करता करताच नव्यानं वाटून घेतलं. तुमचा विसरण्याचा प्रश्न कुठून आला होता, ते तेव्हा उमगलं.

मग हंगाम सुरू झाल्यावर मी पुन्हा गेलो. माझ्या चिटबॉयच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि बदली म्हणून आलेल्या पोराच्या हातात ती वही पडली. त्या ओळीचा फोटो माझ्याकडे वर्षभर होता: ‘वडाखालचा, मोटर जळाली, पुतण्याला विचारणे.’ गावात वड दोन. सकाळी सातला टोळी चुकीच्या वडाखाली उतरली, कोयते चालू होणार तेवढ्यात शेजारच्या रानातली बाई बांधावरून ओरडली, ‘अवो, हा खोडवा हाय आमच्या दिराचा, पाळी कुठं आली त्याची?’ मुकादम तापला, ट्रॅक्टर उभा, पोरगं घामाघूम. शेवटी दवाखान्याच्या रांगेतून चिटबॉयनं फोनवर मिनिटभरात सगळं सांगितलं. मोटर जळाल्यानं पाणी तुटलेलं, म्हणून तो ऊस आधी घ्यायचा होता. पुतण्याला विचारायचं, कारण काका कारखान्यावर रुसलेला. वही त्याच्यासमोर नव्हतीच.

ती वही म्हणजे पदराला मारलेली गाठ. कशासाठी मारली, ते मारणारीलाच माहीत. आणि निम्मी आठवण तर बांधावरच्या त्या बाईकडे होती, जी कारखान्याच्या कुठल्याच पगारपत्रकावर नाही. पाच बरण्यांत तिला मी कुठं बसवणार होतो?

मसुद्यात आता ती सकाळच पहिल्या पानावर आहे. बरण्या फोडल्या.

मानसशास्त्रज्ञ वेग्नरबद्दलचा तुमचा शेराही जपून ठेवलाय. कुणाला काय माहीत आहे हे एकमेकांना माहीत असणं, ही त्याची कल्पना १९८५ मध्ये जोडप्यांवरून निघाली, हे मी एका ओळीत उरकलं होतं. तुम्ही समासात लिहिलंत, ‘ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात ना? मग जोडप्यावर इतका घाईत का आहेस?’ त्याचं वेगळं प्रकरण होईल असं दिसतंय.

एक सल्ला मात्र मानला नाही. दुसरा कारखाना घेऊन तुलना कर, असं तुम्ही दोनदा सांगितलंत. एका हंगामात, एका मोटारसायकलवर ते जमणारं नव्हतं, आणि मला अजूनही वाटतं की एकच गाव नीट पाहणं जास्त मोलाचं. भेटलात की भांडू.

स्वतःचं काम बाजूला ठेवून परक्या पोराची तेरा कच्ची पानं तुम्ही पेन्सिल घेऊन वाचलीत. त्याची नोंद तुमच्या कुठल्याच अहवालात होत नाही, म्हणून इथं करतोय. मनापासून आभार.

सोबत वहीच्या आणखी एका पानाचा फोटो पाठवलाय. तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द मला ‘आढी’ वाटतो, चिटबॉय स्वतः ‘आता आठवत नाही’ म्हणतो. तुमच्या माहेरी अजून ऊस आहे ना? कुणाला तरी दाखवून बघाल का?

तुमचा,
तेरा पानांवाला