स्टेजवरच्या लॅपटॉपचं गणित वेगळं असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत म्युझिक करणाऱ्या मुलांनी कुठला लॅपटॉप घ्यावा यावर जो लेख आला तो आमच्या ग्रुपमधल्या पोरांनी लगेच एकमेकांना पाठवला आणि दोघांनी तर हप्त्यावर नवीन मशीन घ्यायची चौकशी पण केली, म्हणून हे लिहितोय. घरी बसून गाणं बनवण्याबद्दल लेखात जे होतं ते पटलं. पण लाइव्ह वाजवणाऱ्यांचा त्यात विचारच नाही, आणि आमच्या भागात लॅपटॉप घेणारी निम्मी पोरं ऑर्केस्ट्रात, जत्रेत, गणपतीत वाजवणारी आहेत. मी कराडजवळचा, अठरा वर्षं कीबोर्ड वाजवतोय, त्यातली बारा वर्षं लॅपटॉप घेऊन.

घरी प्रोजेक्ट अडकलं तर थांबवायचं, ट्रॅक फ्रीज करायचा (म्हणजे त्याचा तयार ऑडिओ करून ठेवायचा), चहा पिऊन परत बसायचं. स्टेजवर थांबता येत नाही. आवाज लॅपटॉपमधून तुकड्यातुकड्यानं बाहेर पडतो, सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं म्हणजे सॅम्पल, आणि बफर, म्हणजे एका तुकड्यातली सॅम्पल, १२८ ठेवला तर एक तुकडा साधारण २.९ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार पाहिजे म्हणजे पाहिजे, नाहीतर स्पीकरमधून टक्क असा आवाज येतो. मग मशीन तासभर कितीही फास्ट चालू दे, एकदा जरी वायफाय किंवा अपडेटच्या भानगडीत तेवढा वेळ अडकलं की ते समोरच्या सगळ्या मैदानाला ऐकू जातं. बफर १०२४ केला तर टकटक थांबते, पण मग पट्टी दाबल्यावर आवाज २३ मिलिसेकंदांनी येतो, ढोलकीबरोबर लावणी वाजवताना हात चिखलात घातल्यासारखा वाटतो. दुकानात जे आकडे सांगतात, इतके कोअर आणि तितके गिगाहर्ट्झ, त्यात हे कुठंच दिसत नाही.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी चैत्रातल्या जत्रेला मी महिन्याभरापूर्वी घेतलेला नवा पातळ विंडोज लॅपटॉप घेऊन गेलो, घरी त्यावर चाळीस ट्रॅकचं प्रोजेक्ट आरामात चालत होतं. साडेआठच्या सुमारास लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागलं. लॅपटॉप बंद पडला नाही, बॅटरी फुल होती, म्हणून मी निवांत होतो, साउंडवाल्यांचा यूपीएस होता त्यामुळे गाणं पण थांबलं नव्हतं. आणि तेवढ्यात सनईच्या पॅचमध्ये (म्हणजे लॅपटॉपमधल्या सनईच्या आवाजात) टकटक सुरू झाली, मग घर्रर्र, मग सगळा ट्रॅक फाटल्यासारखा. ऑक्टापॅडवाल्याच्या कानातला क्लिक (लय धरायची टिकटिक) गेला, त्यानं माझ्याकडे बघितलं, गाणारी ताई मात्र एका ढोलकीवर गात राहिली, तिचे उपकार मी विसरणार नाही. नंतर घरी तपासल्यावर कळलं की चार्जर सुटला की ते मशीन बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा स्पीड खाली आणतं. पॉवर सेटिंगमध्ये बदल करून थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

त्यानंतर मी परत माझा जुना मॅकबुक प्रो काढला, २०१२ चा १३ इंची. त्याची रॅम चार जीबीची सोळा करता येते, मूळची हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी टाकता येते, स्क्रू काढले की झालं. एसएसडी टाकल्यावर ऐन कार्यक्रमात पॅच बदलायला जो वेळ जायचा तो जवळजवळ संपला. चार्जर लोहचुंबकाचा, कुणी वायरीत पाय अडकवला तर नुसता चार्जर निघतो, लॅपटॉप टेबलावरच राहतो, हे स्टेजवर तीन वेळा झालंय. त्याची मॅकओएस सिस्टीम मोजावे या आवृत्तीवर थांबवलीय, कारण पुढच्या, २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे प्लगइन (वाद्यांचे आवाज देणारी जोड-सॉफ्टवेअर) चालायचे बंद झाले आणि माझे हार्मोनियमचे साउंड त्यातलेच. इंटरनेट कधी लावत नाही, दुसरं कुठलंही काम त्यावर करत नाही.

आता जुनंच चांगलं असं कुणी समजू नये. दोनच कोअर आहेत त्याला, मोठ्या स्ट्रिंग लायब्ररी (व्हायोलिनसारखे आवाज) आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) एकत्र लावले की बफर २५६ वर न्यावा लागतो, पंखा तर एवढा ओरडतो की शांत अभंगाला माझ्या शेजारी माइक ठेवता येत नाही. वाजवायचं सॉफ्टवेअर अॅबलटन लाइव्ह १२ त्यावर चालतच नाही, जुन्यावर भागवतोय. आमच्या गिटारवाल्याकडे अॅपलच्या एम वन चिपचा मॅकबुक एअर आहे, २०२० ला आलेली चिप, पंखाच नाही, बॅटरीवर पण स्पीड तोच, मी त्यावर हार्मोनियमचे ते जुने साउंड सोडून माझा बाकीचा अख्खा शो ६४ च्या बफरवर वाजवून बघितला आणि एकदाही टक्क झालं नाही. म्हणजे नवीन चांगलं असतंच, पण कुठलं नवीन ते वाजवूनच कळतं. त्याची रॅम मात्र चिपबरोबरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच सोळा बघा. सेकंडहँड एम वन आणि नवा कोरा पातळ विंडोज यात किंमत जवळपास असेल तर स्टेजसाठी मी डोळे झाकून एम वन सांगीन.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एखाद्या वाजवणाऱ्याला पण विचारा. पोरं बँजो पार्टीत रात्रीचे मिळतील ते पैसे साठवून ही मशीन घेतात, आणि कार्यक्रमात दहा वाजता स्पीकर बंद करायचा असतो, त्यात लॅपटॉप रीस्टार्ट करायला दहा मिनिटं गेली तर तीन गाणी गेली, सुपारीचे पैसे पण कापले जातात.

त्या दोघांना मी सांगितलंय, दुकानदार आठ दिवसांत परत घेतो का ते आधी विचारा आणि लिहून घ्या. घेत असेल तर मशीन घेऊन या, आपण पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी दोन ते पाच पूर्ण शो वाजवू आणि मधे दोनदा चार्जर काढू. गणपतीला अजून सहा आठवडे आहेत.

आपला,
एक कीबोर्डवादक, कराड