एचआयव्ही आणि आपल्याच पेशीतील प्रथिने

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

रोजच्या गोळ्यांनी रक्तातील एचआयव्ही मोजता न येण्याइतका कमी होतो, मग गोळ्या थांबवताच काही आठवड्यांत तो पुन्हा कुठून येतो, हा तुझा प्रश्न मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर आपल्याच पेशीत आहे.

एचआयव्हीजवळ जेमतेम ९ जनुके. स्वतःचा डीएनए तो टी-पेशीच्या, म्हणजे आपल्या एका रोगप्रतिकारक पेशीच्या, गुणसूत्रात घालून ठेवतो, पण त्यावरून आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, तयार करण्याचे काम आपलेच आरएनए पॉलिमरेज-२ हे एन्झाइम करते. एनएफ-कप्पा-बी आणि एसपी-१ ही आपली प्रथिने विषाणूच्या डीएनएच्या आरंभीच्या भागावर बसली की काम सुरू होते, मात्र थोड्याच अंतरावर पॉलिमरेज अडते. तिथे विषाणूचे टॅट हे चिमुकले प्रथिन उपयोगी पडते. नुकत्याच बनलेल्या आरएनएच्या टोकाला टार नावाची घडी असते. टॅट आपल्या पेशीतील सायक्लिन टी-१ या प्रथिनाला त्या घडीवर घेऊन येते, आणि त्याच्या जोडीचे सीडीके-९ हे एन्झाइम पॉलिमरेजला व त्याला रोखून धरणाऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडते. मग पॉलिमरेज थेट शेवटपर्यंत जाते.

१९९८ मध्ये सायक्लिन टी-१ ची ही भूमिका उघड झाली आणि उंदराच्या पेशीत टॅट निष्प्रभ का ठरते, याचाही उलगडा झाला. माणसाच्या या प्रथिनात २६१ व्या जागी सिस्टीन असते, उंदराच्या प्रथिनात टायरोसिन. एका अमिनो आम्लावर विषाणूचे एवढे अडावे, याचे मला आजही नवल वाटते.

विश्रांत टी-पेशीत सायक्लिन टी-१ अत्यल्प असते आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकाबाहेर अडकलेले असते, त्यामुळे विषाणू तिथे वर्षानुवर्षे निपचित राहतो. सध्याच्या गोळ्या बहुतांशी विषाणूच्या एन्झाइमांना रोखतात. जिथे ती एन्झाइमेच तयार होत नाहीत, तिथे त्या काय करणार? पुढे एखाद्या संसर्गाने ती पेशी चेतवली की विषाणूही जागा होतो. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या एचआयव्हीच्या सी उपप्रकारात एनएफ-कप्पा-बीला डीएनएवर बसण्यासाठी सहसा तीन जागा असतात, तर पाश्चात्त्य देशांतील बी उपप्रकारात दोन.

व्होरिनोस्टॅटसारख्या औषधांनी दडलेल्या विषाणूला जागे करून पाहिले. तो जागा झाला, पण दडलेला साठा म्हणावा तसा घटला नाही. सीडीके-९ पूर्ण रोखावे, तर आपली स्वतःची असंख्य जनुकेही त्यावरच चालतात. म्हणून पेशीला धक्का न लावता केवळ टॅटला निकामी करणाऱ्या रेणूंच्या शोधाकडे मी मोठ्या आशेने पाहतो.

तुझा,
अनंत